जुन्या राखाडी पीव्हीसी लाईनला नवीन फिटिंग बसत नाही, काय करावं?

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. जमिनीतलं पाणी खारं असल्यामुळे लोखंडी पाईप इथे टिकतच नाही. म्हणून बाबांनी घर बांधतानाच सगळी लाईन राखाडी पीव्हीसीची टाकली. स्लॅबवरच्या टाकीतून पाईप उतरतो, पश्चिमेच्या भिंतीवरून आडवा जातो आणि न्हाणीच्या भिंतीत शिरून स्वयंपाकघरात निघतो.

भिंतीतला भाग चांगला आहे. बाहेरच्या आडव्या पाईपातला जुना सॉकेट (दोन पाईप जोडणारी आखूड नळी) मात्र तडकलाय आणि थेंब थेंब पाणी येऊन राहिलं आहे. त्याच्या आजूबाजूचा पाईप पांढुरका पडलाय, हात फिरवला की भुकटी लागते. तेवढा तुकडा कापून नवीन टाकायचा आहे, आणि तिथूनच एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, काढून आईला भांडी घासायला अंगणात नळ द्यायचा आहे.

दुकानातून एक इंची सॉकेट आणि टी आणली. पाईपवर चढवून पाहिली तर सैल, हाताने हलवली की खुळखुळते. दुकानदार म्हणतो, कपड्याची पट्टी पाईप जोडायच्या सोल्युशनमध्ये भिजवून गुंडाळा आणि ठोकून बसवा. हे टिकेल का? दुसरी अडचण अशी की पाईपची दोन्ही टोकं भिंतीत पक्की आहेत. मधला तुकडा कापला तर नवीन तुकडा दोन सॉकेटमध्ये शिरवायचा कसा? पाईप मागेपुढे होतच नाही.

वऱ्हाडी_वावर

भाऊ, सोल्युशन दोन डाव लावा न ठोकून द्या. आमच्या वावरात पट्टीवालेच जोड हायेत, काही होत नाई.

धामणगावचा_पाना

वावरभाऊ, वावरात जोड गळला तर पाणी कपाशीलाच जाते. घराच्या भिंतीला लागून गळला तर प्लास्टर फुगते, ओल आत शिरते आणि ते दिसेपर्यंत वर्ष निघून जाते. म्हणून घरात पट्टी नको.

पूर्णाकाठ भाऊ, मी धामणगाव ते पुलगाव या पट्ट्यात नळजोडणीचीच कामं करतो. तुमचा प्रश्न मला दर महिन्याला भेटतो. तुम्हाला मिळालेली टी खराब नाही. ती तुमच्या पाईपची नाही, एवढंच.

आपल्याकडे प्लास्टिकच्या पाईपात दोन वेगळी मापं चालतात आणि दोन्हीला लोक ‘एक इंची’च म्हणतात. शेतीचा आणि जुन्या पाणीपुरवठ्याचा पीव्हीसी पाईप मिलीमीटरमध्ये येतो: २०, २५, ३२, ४०, ५०, ६३. हे माप पाईपच्या बाहेरच्या व्यासाचं. घरातल्या प्लंबिंगचा जो शेड्यूल ४० किंवा शेड्यूल ८० (हे पाईपच्या जाडीचे प्रकार) पाईप मिळतो तो इंची मापाचा. त्यातल्या एक इंचीचा बाहेरचा व्यास ३३.४ मिमी, पाऊण इंचीचा २६.७, अर्ध्या इंचीचा २१.३. गरम पाण्याला चालणारा क्रीम रंगाचा सीपीव्हीसी आणखी वेगळा: एक इंची २८.६, पाऊण इंची २२.२, अर्धा इंची १५.९. आता ३३.४ च्या सॉकेटमध्ये ३२ चा पाईप घातला तर जवळपास दीड मिलीमीटरची फट राहते. खुळखुळणारच.

ही फट सोल्युशनने भरत नाही. ते वाळलं की आकसतं आणि आत पोकळ्या राहतात. वरून पट्टी कितीही गुंडाळा, पाणी त्या पोकळीतून वाट काढतेच.

घरी कॅलिपर नसेल तर शिवणाचा दोरा घ्या. पाईपभोवती एकच वेढा ताणून द्या, जिथे टोक भेटते तिथे पेनाची खूण करा आणि दोरा पट्टीवर मोजा. १० सेंटीमीटर आणि अर्धा मिलीमीटर आला तर पाईप ३२ चा. साडेदहा सेंटीमीटर आला तर एक इंची प्लंबिंगचा. नऊला थोडा कमी आला तर एक इंची सीपीव्हीसी. २५ चा पाईप ७.८५ वर येतो आणि पाऊण इंची ८.४ वर. रंगावर जाऊ नका, रंगाने काहीच ठरत नाही. पाईपवर छापील ओळ शिल्लक असेल तर फारच छान, तीच पहिली वाचा.

रसायन_शिकवतो

पानाभाऊंच्या म्हणण्याला जोड देतो, कारण सोल्युशन म्हणजे फेव्हिकॉलसारखं काहीतरी चिकटवायचं असा बहुतेकांचा समज असतो.

त्यात टेट्राहायड्रोफ्युरान, मिथाइल इथाइल कीटोन, सायक्लोहेक्सॅनोन अशी द्रावकं असतात आणि त्यात थोडं पीव्हीसी विरघळवलेलं असतं. ही द्रावकं पाईपचा आणि फिटिंगचा वरचा थर मऊ करतात. दोन मऊ थर एकमेकांत दाबले जातात, द्रावक उडून जातं आणि तिथे एकच सलग प्लास्टिक उरतं. म्हणजे जोड पक्का व्हायला दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना घट्ट टेकलेच पाहिजेत. फटीत हे घडत नाही.

जुन्या पाईपवरची पांढरी भुकटी उन्हातल्या अतिनील किरणांनी खराब झालेल्या थराची आहे. तिच्यावर सोल्युशन लावलं तर भुकटीच विरघळेल आणि खालचं चांगलं प्लास्टिक कोरडं राहील. भुकटी घासून काढावीच लागेल. मात्र कोरडी घासू नका. जुन्या पीव्हीसीत शिशाची संयुगं स्थिरकारक म्हणून सर्रास वापरत. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने पाईप आणि फिटिंगमधल्या शिशावर नियम आणले ते २०२१ मध्ये. तेव्हा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा, ओल्या फडक्याने पुसा, तोंडावर रुमाल बांधा आणि लहान मुलांना तिथून दूर ठेवा. मग पाईप पूर्ण वाळू द्या.

आणि सोल्युशन उघडं असताना जवळ विडी, चूल, स्टोव्ह काही नको. त्याची वाफ झटकन पेट घेते.

पूर्णाकाठ

दोरा १० सेंटीमीटरच्या किंचित पुढे आला. सावलीतल्या भागावर अक्षरंही सापडली: ३२ मिमी, ६ किलो (सोसायचा दाब), आयएस ४९८५ (पीव्हीसी पाईपचं भारतीय मानक). म्हणजे मिलीमीटरवालाच. आता ३२ ची फिटिंग कुठे मिळेल? आणि टोकं हलत नाहीत त्याचं काय?

धामणगावचा_पाना

३२ ची फिटिंग नळाच्या शोरूमात शोधू नका. जिथे शेतीचे पाईप, फूट व्हॉल्व्ह, स्प्रिंकलरचं सामान मिळते त्या दुकानात जा. जाताना कापलेल्या पाईपचा वीतभर तुकडा सोबत न्या आणि फिटिंग तिथेच चढवून पाहा. कोरडी फिटिंग हाताने निम्म्यापर्यंत सहज जावी आणि पुढे अडत जावी. पूर्ण आत सरकून सैल पडली तर घेऊ नका. काहीच गेली नाही तरी घेऊ नका.

अंगणातल्या नळासाठी नवीन लाईन मात्र तुम्ही प्लंबिंगच्या पाईपात टाका, ती फिटिंग कुठेही मिळते. दोन मापं जोडायची ती आट्यांवर. ३२ च्या टीमधून निघालेल्या तुकड्यावर ३२ बाय एक इंची एमटीए लावा, म्हणजे बाहेरून आटे असलेला अडॅप्टर. नवीन पाईपला एक इंची एफटीए लावा, म्हणजे आतून आटे असलेला. आटे दोन्हीकडे सारखेच इंची असतात, तिथे भांडण नाही. सीपीव्हीसी किंवा लोखंड जोडायचं असलं तरी रस्ता हाच.

आता न हलणाऱ्या टोकांचं. बरेच जण सॉकेटच्या आतली कड कानशीने घासतात, सॉकेट एका पाईपवर पूर्ण सरकवून ठेवतात आणि मग जोडावर ओढतात. हे होतं, पण सोल्युशन लावल्यावर ते अर्ध्यात अडकलं तर सगळं कापावं लागते, आणि आपल्याकडच्या उन्हात ते क्षणात धरते. मी असं करत नाही. मी चार एल्बोंचा, म्हणजे काटकोनात वळणाऱ्या जोडांचा, यू काढतो.

खराब तुकडा हातभर लांब कापून काढा. मोकळी जागा भरपूर होते, म्हणून दोन्ही टोकांवर एकेक एल्बो सहज चढतो. दोन्ही एल्बोंची तोंडं भिंतीपासून बाहेर, अगदी एका दिशेला ठेवा. त्यांत चार-चार बोटांचे दोन सारखे तुकडे बसवा. हे दोन हात भिंतीतून बाहेर आल्यासारखे समांतर उभे राहतात. आता वेगळा आडवा तुकडा घ्या, त्याच्या दोन टोकांना दोन एल्बो आणि मधोमध टी, हे सगळं खाली जमिनीवर जोडून घ्या. तयार झालेला यू समोरून दोन्ही हातांवर एकदम दाबायचा. पाईप मागेपुढे हलायची गरजच राहत नाही. टीचं तोंड खाली अंगणाकडे.

आधी सगळं कोरडं बसवून पाहा. प्रत्येक जोडावर पेन्सिलची एकच रेघ ओढा, पाईपवरून फिटिंगवर जाणारी. सोल्युशन लावल्यावर रेघा जुळवायला दोन-चार सेकंदच मिळतात. दोन हातांमधलं अंतर मोजताना घाई करू नका. तीन-चार मिलीमीटर इकडेतिकडे झाले की यू एका बाजूला अडतो आणि दुसरीकडे अर्धाच बसतो.

यू आडवा भिंतीबाहेर काढा, वरच्या दिशेने नको. वर काढला तर त्यात हवा अडकते आणि नळ ढेकर देत राहतो.

कापताना जुन्या पाईपवर कैचीसारखा कटर वापरू नका. ऊन खाल्लेला पाईप दाबाने चिरतो आणि चीर कधी कधी वीतभर आत जाते. बारीक दातांचं एक्सा पान (लोखंड कापायच्या करवतीचं पातं) घ्या, पाईप खालून हाताने धरा आणि हळू ओढा. कापलेल्या कडेवर ओलं बोट फिरवून उजेडात पाहा. केसाएवढी रेघ दिसली तर आणखी मागे, चांगल्या भागात कापा. त्यावर सॉकेट चढवू नका, जोड झाकला जातो पण चीर पुढे चालतच राहते. कडेचा चुरा आतून-बाहेरून काढा आणि बाहेरच्या कडेला कानशीने थोडा उतार द्या. नाहीतर ती कड सॉकेटमधलं सोल्युशन खरवडून आत लोटते.

झाडीपट्टी

आम्ही भंडारा जिल्ह्याकडचे. धानाच्या बांधीत पाईप नेताना सॉकेट विकतच घेत नाही जी. टोक विस्तवावर शेकायचं, मऊ झालं की दुसरा पाईप आत ठासायचा, वरून ओलं पोतं. फुकटात जोड. घरात का नाही चालणार?

धामणगावचा_पाना

उघड्यावरच्या शेतीच्या लाईनला तो जोड चालतो, मी त्याला वाईट म्हणत नाही. पण पीव्हीसी साधारण ८० अंशांवरच मऊ होतो आणि विस्तवाची आच त्याच्या कितीतरी पुढची असते. एका बाजूने काळा पडतो, दुसरीकडे कडकच राहतो. जिथे ताणला जातो तिथे भिंत पातळ होते. तुमचा शेतातला पाईप नवा, लवचीक असतो. या भाऊचा वीस-एक वर्षं ऊन खाल्लेला आहे, तो फुलवायला गेलं की फाटतो. शिवाय जळालेल्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, घसा आणि डोळे दोन्ही धरतो. घराच्या भिंतीजवळ ते करू नका.

संत्राबाग_वरूड

एक विचारते. आमच्याकडे सौर गिझर बसवला. बसवणाऱ्याने गरम पाण्याचा पाईप जुन्या पीव्हीसीलाच जोडून दिला. उन्हाळ्यात तो पाईप दोन क्लिपांच्या मधे लोंबतो आणि पितळी नळाजवळ गळतो. हाही जोडाचाच दोष का?

धामणगावचा_पाना

नाही ताई, पाईपच चुकला. साधा पीव्हीसी गरम पाण्याचा नाहीच. त्याच्यावर छापलेला दाब २७ अंश तापमानाचा असतो. पाणी तापलं की ती ताकद घसरते, आणि सौर गिझरचं पाणी मे महिन्यात ७०-८० अंशांवर जाऊ शकते. गरम लाईन पूर्ण बदला आणि सीपीव्हीसी टाका, तो ९० अंशांपर्यंत सहन करतो. त्याचं सोल्युशन वेगळं येते, पीव्हीसीचंच वापरू देऊ नका. डबा स्वतः पाहून घ्या.

नळाजवळच्या गळतीचं कारण बहुतेक वेगळं असेल. प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत लोखंडी निपल किंवा पितळी नळ पान्याने आवळला की प्लास्टिक फाकते. लगेच दिसत नाही, काही महिन्यांनी उभी चीर पडते. नळ बसवायचा तिथे आत पितळी आटे बसवलेला एल्बो किंवा एफटीए घ्यावा, थोडा महाग पडतो पण भिंत पुन्हा फोडावी लागत नाही. टेफ्लॉन टेप आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने गुंडाळा, हाताने घट्ट करा आणि मग पान्याने जेमतेम एक-दीड फेरा. जोर लावायचा नाही. प्लास्टिकच्या आट्यांना सफेदा आणि सूत लावू नका, ते लोखंडाचं काम आहे.

वऱ्हाडी_वावर

पानाभाऊ, तुमचं पटलं. पण एक सांगजा. आमची टाकी तीन मीटरवर हाये. एवढ्याशा उंचीनं दाब तरी किती येते? त्याले कायले एवढा खटाटोप?

धामणगावचा_पाना

रास्त प्रश्न आहे. दहा मीटर उंचीला चौरस सेंटीमीटरवर एक किलो दाब, म्हणजे तुमच्या टाकीचा साधारण ०.३ किलो. ६ किलोच्या पाईपला तो काहीच नाही. पण जोड दाबाने कमी सुटतात आणि ताणाने जास्त. पीव्हीसी उष्णतेने बराच वाढतो. दहा मीटर पाईप आणि तीस अंशांचा फरक धरला तर जवळपास दोन सेंटीमीटर लांबी इकडची तिकडे होते. आपल्याकडे जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत भिंतीवरच्या पाईपला त्याहून जास्त फरक सोसावा लागते. दोन्ही टोकं पक्की असली की तो सगळा ताण मधल्या जोडावर येतो. पूर्णाकाठ भाऊंचा सॉकेट पश्चिमेच्या भिंतीवरच तडकला, त्यात मला नवल वाटत नाही. चार एल्बोंचा यू हा ताणही थोडा पोटात घेतो. फक्त त्याच्या अगदी जवळ क्लिपा ठोकू नका, त्याला हलायला जागा ठेवा.

आणि काम सकाळी सातच्या आधी करा. दुपारी पाईप तापलेला असतो, सोल्युशन लावताच सुकते आणि फिटिंग अर्ध्यात धरते. सॉकेटमध्ये पातळ थर, पाईपवर भरपूर, लगेच शेवटपर्यंत दाबायचं. जिथे फिरवता येते तिथे पाव वळसा देत दाबा. यू दोन ठिकाणी बसतो, त्याला वळसा देता येत नाही, म्हणून त्याचे दोन जोड दोघांनी मिळून दाबावे आणि अर्धा मिनिट सोडू नये. सोडला तर पाईप हळूच बाहेर सरकतो. कडेने बाहेर आलेला सोल्युशनचा गोट फडक्याने पुसून घ्या. डब्यातलं सोल्युशन तारा सुटण्याइतकं घट्ट झालं असेल तर फेकून द्या, थिनर टाकून पातळ करू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, पाईप आतून कोरडा हवा. टाकीचा व्हॉल्व्ह बंद, खालचा नळ उघडा, आणि स्वयंपाकघराकडच्या टोकातून थेंब येणं थांबेपर्यंत सोल्युशनचं झाकण उघडायचं नाही. पाणी दुसऱ्या दिवशी सोडा.

पूर्णाकाठ

काम झालं. चुलतभाऊ मदतीला होता. एकाच गोष्टीने थांबवलं: टाकीचा व्हॉल्व्ह बंद करूनही टोकातून पाणी झिरपतच होतं. व्हॉल्व्हच पूर्ण बंद होत नव्हता. शेवटी टाकी रिकामी केली, मग जोडलं. खराब भाग कापताना पहिल्या कापाच्या कडेला खरंच बारीक रेघ दिसली, म्हणून आणखी वीतभर मागे गेलो. तिथला पाईप आतून अजून राखाडी आणि चिवट होता. दुसऱ्या दिवशी पाणी सोडलं, जोडांवर कागद फिरवून पाहिला, सगळे कोरडे. पहिलं पाणी सोल्युशनच्या वासाचं होतं, ते झाडांना सोडलं.

रसायन_शिकवतो

पिण्याच्या लाईनसाठी वास जाईपर्यंत पाणी वाहू द्या. थोडं पाणी पाईपात रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा सोडलं तर राहिलेला वासही निघतो.

नवा_नळ_यवतमाळ

याच धाग्यात विचारतो. जलजीवनच्या योजनेतून दारात नळ आला, काळा पाईप आहे, निळ्या रेघांचा, २० मिमी. तो घरातल्या जुन्या पीव्हीसीला जोडायचा आहे. सोल्युशन लावून पाहिलं, ओढताच निघून आलं.

धामणगावचा_पाना

तो एचडीपीई आहे, म्हणजे पॉलिथिनचा पाईप. त्याच्यावर कोणतंच सोल्युशन धरत नाही, पुट्टीही नाही. पीव्हीसी विरघळवणारी द्रावकं त्याला भिजवतात आणि उडून जातात. त्याला कॉम्प्रेशन फिटिंग लागते: २० मिमी बाय अर्धा इंची, एका बाजूला काळ्या पाईपसाठी नट आणि दुसऱ्या बाजूला बाहेरून आटे. पुढे तुमच्या पीव्हीसीच्या मापाचा एफटीए लावला की झालं.

पाईप काटकोनात कापा, तिरपा कापला तर आतल्या रबरी रिंगेवर नीट टेकत नाही. बाहेरच्या कडेला उतार द्या, टोकाला साबणाचं पाणी लावा. नट आणि दातांची चिरलेली रिंग आधी पाईपवर चढवा, मग पाईप फिटिंगमध्ये दाबा. पहिल्यांदा अडते ती रबरी रिंग. तिथे थांबू नका, तिच्या पुढे सरकून पाईप तळाशी टेकला पाहिजे. किती आत गेला ते कळावं म्हणून आधी फिटिंगची खोली मोजून पाईपवर खूण करून घ्या. नट हाताने घट्ट करा, मग पान्याने थोडाच.

आणि हे सगळं योजनेच्या कॉकच्या घराकडच्या बाजूला करा. कॉकच्या पलीकडची लाईन ग्रामपंचायतीची आहे, तिथे काही करायचं असेल तर आधी पाणीपुरवठा पाहणाऱ्या माणसाला सांगा. घराकडे एक बॉल व्हॉल्व्ह स्वतःचा बसवून घ्या, पुढे कधी दुरुस्ती निघाली तर पाणी तिथेच बंद करता येईल.

नवा_नळ_यवतमाळ

उद्या बाजारात जाऊन आणतो. दातांची रिंग नटाच्या आधी की नंतर, एवढं सांगा.

धामणगावचा_पाना

आधी नट, मग रिंग. रिंगेची रुंद बाजू फिटिंगकडे, निमुळती नटाकडे. फिटिंग सुटी करताना मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कंपनीप्रमाणे रिंग थोडी वेगळी असू शकते.